आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

आमच्या गाडीचा पेट्रोल पंप गेला, ही बातमी मी घरात सांगितली तेव्हा सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातूनच विचारलं, "कुठला? कर्वे रस्त्यावरचा?" रस्त्यावर उभा असतो तो पंप आणि गाडीच्या पोटात असतो तो पंप, या दोहोंतला फरक मी त्यांना समजावून सांगितला. म्हणजे सांगायला लागलो. अर्ध्यावर माझ्या लक्षात आलं, की तो मलाही नीट ठाऊक नाही.

गाडी अठरा वर्षांची. तिचं नाव सांगत नाही. म्हातारपणी कुणाचीही बदनामी करू नये. रोज किल्ली फिरवली की मागच्या सीटखालून 'ऊंऽऽ' असा दोन सेकंदांचा बारीक आवाज यायचा. अठरा वर्षं तो माझ्या कानांवर पडत होता, पण असा काही आवाज येतो हे मला तो बंद पडला त्या दिवशी कळलं. बऱ्याच नातेवाइकांच्या बाबतीतही माझं असंच झालं आहे.

मिस्त्री आला. त्याने आधी फ्यूज पाहिला, मग रिले काढून दुसरा लावून पाहिला, मग मागच्या सीटवर कान टेकून मला म्हणाला, "किल्ली मारा." मी मारली. डॉक्टर नाडी सोडून देताना करतात तसा चेहरा त्याने केला. "पंप गेला, काका. टाकीत पेट्रोल किती ठेवता?"

हा प्रश्न मला खासगी वाटला. पण उत्तर द्यावं लागलं. मी दोनशे रुपयांचं पेट्रोल भरणारा माणूस आहे. काटा तांबड्या रेघेवर आला, की मी आणखी दोनशेचं भरतो. टाकी भरून ठेवण्यात पैसा अडकून पडतो, हे तत्त्व मी बँकेतल्या पस्तीस वर्षांच्या नोकरीत शिकलो.

"म्हणूनच गेला," मिस्त्री म्हणाला. मग त्याने जे सांगितलं ते ऐकून मी थक्क झालो. आजकालच्या गाड्यांत हा पंप विजेवर चालतो आणि तो चक्क टाकीत, पेट्रोलमध्ये बुडवून ठेवलेला असतो. पेट्रोलच त्याला वंगण देतं आणि पेट्रोलच त्याला गार ठेवतं. टाकी कायम तळाला ठेवणाऱ्याचा पंप उघडा पडतो, तापतो आणि लवकर मरतो. थोडक्यात, दोनशे-दोनशे करत वाचवलेले सगळे पैसे मी एकरकमी पंपाला वाहिले होते.

विजेची मोटर पेट्रोलमध्ये बुडवून चालवतात, तरी गाडी उडत कशी नाही? हा प्रश्न मी त्याला विचारला. "नाही उडत," असं त्याने शास्त्रीय उत्तर दिलं. पुढे मी स्वतः वाचून काढलं. खरं म्हणजे पेट्रोल पेटत नाही, पेटते ती त्याची वाफ. आणि तीही हवेत ठरावीक प्रमाणात मिसळली तरच, शंभर भाग हवेत साधारण दीड ते साडेसात भाग. टाकीत वाफच इतकी दाटलेली असते की पेटायला हवा पुरत नाही. धोका टाकी बंद असताना नसतो. तिचं झाकण काढून आपण आत डोकावतो, तेव्हा तो सुरू होतो. हे वाक्य मी बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हे सगळ्याच बाबतीत आहे."

मिस्त्रीने पंपाची किंमत सांगितली आणि मजुरीचे आठशे वेगळे सांगितले. त्या आठशेंनी माझा स्वाभिमान जागा केला. पंप नाना पेठेत मिळतो. मागची सीट उचलायची, पत्र्याच्या झाकणाचे चार स्क्रू काढायचे, जुना काढायचा, नवा बसवायचा. हे काम माणसाने घरच्या घरी का करू नये? गांधीजी दक्षिण आफ्रिकेत स्वतः चपला शिवत; एक जोड तर त्यांनी जनरल स्मट्सला भेट दिला होता. मी तर स्मट्ससाठी काही करत नव्हतो, माझ्याच गाडीचं करत होतो.

शिवाय माझ्या डोळ्यांपुढे वडील होते.

त्या काळी आपल्याकडे गाड्या मोजून तीन प्रकारच्या. त्यातली एक वडिलांनी चौथ्या मालकाकडून घेतली होती. तिचा पंप विजेचा नव्हता. तो इंजिनाच्या कुशीला दोन बोल्टांवर लटकलेला असे. आत रबराचा एक पडदा, आणि इंजिन फिरलं की एक दांडी त्या पडद्याला खालीवर हलवी. भाता समजा. मे महिन्यात खंडाळ्याचा घाट चढताना, तो अमृतांजन पूल (२०२० साली पाडला तो) दिसायच्या आत हा भाता दम टाकायचा. पंपातल्या पेट्रोलची उन्हाने आणि इंजिनाच्या धगीने वाफ व्हायची आणि वाफ ओढणं त्याला जमत नसे. मग सगळ्या गाड्या कडेला. प्रत्येकीचं बॉनेट उघडं आणि प्रत्येक पंपावर ओलं फडकं. आमच्या गाडीतलं फडकं म्हणजे माझा जुना बनियन. पंपाच्या कपाळावर गार पाण्याची पट्टी ठेवून वडील दगडावर बसत आणि आई वड्यांचा डबा उघडत असे. घाट म्हणजे एक मोठा दवाखाना असे आणि सगळ्यांना एकच ताप.

तर हा पंप वडील घरी उघडत. वाड्याच्या चौकात, पाटावर बसून. आईच्या ॲल्युमिनियमच्या भांड्यात पेट्रोल ओतून त्यात सगळे भाग धूत. टाकीतून पेट्रोल काढायचं तर रबरी नळीचं एक टोक टाकीत, दुसरं तोंडात, आणि ओढ. घोटभर तोंडात आलं की थुंकत आणि आईकडे गूळ मागत. सहा हातांवर आईचा स्टोव्ह भुरभुरत असे. काम झालं की वडील तिथेच बसून विडी शिलगावत आणि आम्ही भावंडं भोवती कोंडाळं करून बघत असू. आमच्या घराण्यात वडिलांच्या हुन्नरीचा हा प्रसंग अजूनही आदराने सांगतात.

मी नव्या पंपाच्या निमित्ताने वाचायला लागलो आणि पहिल्यांदाच त्या चौकाकडे पाहून माझ्या अंगावर काटा आला.

आमच्या पिढीची चूक रॉकेलने केली, असं मला वाटतं. आम्ही रॉकेलवर वाढलो. रॉकेल समजूतदार असतं. साध्या हवेत ते काडीलाही पटकन दाद देत नाही. त्याची पेट घेण्याजोगी वाफ व्हायला ते अडतीस-चाळीस अंशांच्या पुढे तापावं लागतं. स्टोव्ह पेटवताना आई स्पिरिट घालायची ती त्याची मनधरणी म्हणूनच. पेट्रोल हा त्याचाच धाकटा, जरा तापट भाऊ असावा, अशी आमची समजूत. पण पेट्रोल उणे चाळीस अंशांनासुद्धा पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. म्हणजे फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवलं तरी ते तयारच. आणि ती वाफ धुरासारखी वर जात नाही. हवेपेक्षा तीनचार पट जड असते. ती जमिनीवरून सरपटत जाते, उंबरे ओलांडते, खड्ड्यात, गटारात, तळघरात जाऊन बसते आणि ठिणगीची वाट पाहते. सहा हातांवरचा स्टोव्ह तिला लांब नव्हता. वडिलांचा चौक उघडा होता, वारा होता, एवढंच.

तिसऱ्या मजल्यावर तत्त्वज्ञानाचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात. त्यांना मी हे सांगितलं. आपल्या विषयाचं गिऱ्हाईक फार दिवसांनी दारात आलेलं पाहून त्यांनी मला चहा दिला. म्हणाले, याला 'नैतिक नशीब' म्हणतात. १९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोघांनी त्यावर निबंध वाचले. दोघेजण दारू पिऊन गाडी हाकतात; एकाच्या आडवं पोर येतं, दुसऱ्याच्या येत नाही. कृत्य एकच. पण एकाला जग खुनी म्हणतं आणि दुसरा घरी जाऊन झोपतो.

"म्हणजे माझे वडील...?"

"तुमचे वडील घरी जाऊन झोपले," सर म्हणाले आणि त्यांनी बिस्किटांची बशी पुढे केली.

मला ते आवडलं नाही. पण पटलं, हे जास्त वाईट.

तरीही काम घरीच करायचं हा माझा निश्चय कायम होता. फक्त ते वडिलांसारखं करायचं नाही, नीट करायचं. मी वहीत लिहायला बसलो. आधी टाकी जवळजवळ रिकामी हवी (ही अट मी अठरा वर्षं पाळत आलो होतो). या नव्या गाड्यांत पेट्रोलच्या नळीत दाब असतो, हवा भरलेल्या टायरपेक्षाही जास्त. नळी तशीच उपटली तर पिचकारी थेट डोळ्यांत. म्हणून पंपाचा फ्यूज काढून इंजिन चालू करायचं आणि आपोआप बंद पडू द्यायचं, मग दाब उतरतो. माझ्या गाडीचा पंप आधीच गेलेला, तेव्हा इंजिन चालायचा प्रश्न नव्हता. पण मेलेल्या पंपाच्या नळीतही दाब उरलेला असू शकतो, म्हणून जोडावर फडकं गुंडाळूनच नळी सैल करायची. मग बॅटरीची उणे तार सोडवायची. डोळ्यांवर चष्मा, माझा वाचायचा नव्हे, कारखान्यातला. अंगात सुती कपडे, टेरिलीन नको. हात लावण्याआधी गाडीच्या पत्र्याला स्पर्श करून अंगातली वीज उतरवायची. उजेडाला तारेचा दिवा नको. पंपाची वळती कडी लोखंडी हातोड्याने ठोकायची नाही. पितळेचा तुकडा घ्यायचा, पितळ ठिणगी टाकत नाही. खालचं रबरी कडं नवंच घालायचं. आणि हाताशी आग विझवायचं ए-बी-सी पावडरचं नळकांडं. पाणी बिलकुल नाही. पाण्यावर पेट्रोल तरंगतं आणि आग पसरते.

आमच्या सोसायटीत अशी दोन नळकांडी भिंतीला टांगलेली आहेत. त्यांवरच्या चिठ्ठीतली भरल्याची तारीख उडून गेली आहे. दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात असावा लागतो, तो तांबड्यात झोपला होता. मी सेक्रेटरींना विचारलं. ते म्हणाले, "इन्स्पेक्शनला लागतात म्हणून लावलीत." शेवटी मी पदरचे पैसे घालून चार किलोचं नवं आणलं. आठशे रुपये वाचवण्यासाठी आतापर्यंत माझे दोन हजार खर्च झाले होते.

यादी घेऊन मी खाली पार्किंगमध्ये गेलो. खांबांवर इमारत, खाली गाड्या. आणि तिथे उभं राहून मी प्रथमच पाहिलं, की आमच्या इमारतीत किती ठिणग्या राहतात. माझ्या गाडीमागे चार पावलांवर वीस बिऱ्हाडांचे विजेचे मीटर. पलीकडे पाण्याची मोटर, टाकी रिकामी झाली की ती आपलीआपण चालू होते, कुणाला विचारत नाही. जमिनीखाली पाण्याचा हौद, झाकणाची फट मोकळी. कोपऱ्यात वॉचमनची खोली, आत त्याची शेगडी, हातात त्याची विडी. आणि माझ्या गाडीच्या बरोबर डोक्यावर, पहिल्या मजल्यावर आजी. वय शहाऐंशी. त्यांच्या देवापुढे निरांजन असतं आणि त्यांना जिना उतरायला दोन माणसं लागतात.

मी कामाला लागलो. वॉचमनला म्हटलं, रविवारी दोन तास विडी ओढू नकोस, शेगडीही नको. तो म्हणाला, "साहेब, ओढत नाही. पण झालंय काय?" सेक्रेटरींना म्हटलं, पाण्याची मोटर दोन तास बंद ठेवा. ते म्हणाले, अर्ज द्या. आजींना सांगायला वर गेलो. त्या म्हणाल्या, "बाळ, निरांजन मी दोन तास शांत ठेवीन हो. पण तू ते खाली माझ्याच खाली का करतोस?"

या प्रश्नाला माझ्या वहीत उत्तर नव्हतं.

मी पुन्हा तिसऱ्या मजल्यावर. सरांनी मिल काढला. १८५९ साली त्याने सांगून ठेवलं आहे, की माणूस स्वतःचं जे काही बरंवाईट करील त्यात समाजाने पडू नये. दुसऱ्याला इजा होणार असेल तरच त्याला अडवावं. मला धीर आला. म्हटलं, "म्हणजे माझी गाडी, माझा पंप, माझा जीव?"

"मिल सहकारी गृहरचना संस्थेत राहत नव्हता," सर म्हणाले.

घरी आलो तर बायको म्हणाली, "अहो, तुमच्या यादीतलं एक तरी काम तुमच्या एकट्याचं आहे का? सगळं दुसऱ्यांनी बंद करायचं, विझवायचं, बाहेर जाऊन उभं राहायचं. आणि स्वावलंबन तुमचं!"

मी वही मिटली. वीस बिऱ्हाडांचा जीव आठशे रुपयांवर लावण्याचा मला अधिकार नाही, असा निर्णय घेतला आणि निर्णय घेतल्यावर मला फार उदात्त वाटलं. मिस्त्रीला फोन केला. गाडी ढकलत गॅरेजला पाठवली. आजींना सांगून आलो, निरांजन खुशाल लावा. त्या रात्री झोप छान लागली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहज गॅरेजवर डोकावलो.

गॅरेज म्हणजे दहा बाय बाराचा गाळा आणि पुढचा फूटपाथ. शेजारच्या गाळ्यात खिडक्यांच्या ग्रिल बनवतात; तिथे वेल्डिंगच्या ठिणग्या दिवाळीसारख्या उडत होत्या. मिस्त्रीच्या हाताखाली एक पोरगा असतो. मिसरूड नुकतं फुटू लागलेलं. तो दुसऱ्या कुणाच्या तरी स्कूटरच्या टाकीत नळी घालून, तोंडाने पेट्रोल ओढत होता. अगदी वडिलांसारखं. घोटभर आलं, तो थुंकला, बाहीने तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघून हसला. "काका, तुमची गाडी उद्या घेतो."

माझ्या वहीतली एकूण एक गोष्ट तिथे उलटी होती. उघडा तारेचा दिवा होता. वाटीत पेट्रोल होतं आणि त्यात उघडे हात होते. नळकांडं नव्हतं, पाण्याची बादली होती. धोका मी टाळला नव्हता. तो आजींच्या खालून उचलून या पोराच्या पुढ्यात ठेवला होता, आणि वर आठशे रुपये ठेवले होते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात. आमच्याकडे बंब माझ्या दिवाणखान्यात होता, पुस्तकांच्या कपाटाशेजारी, आणि त्याचा काटा अगदी हिरवागार होता.

मी मिस्त्रीला म्हटलं, "अरे, ते पेट्रोल छातीत गेलं तर? फुप्फुसं सुजतात त्याने. माणूस दगावतो."

"त्याला सवय आहे, काका."

'सवय आहे' हे वाक्य मी आयुष्यात पुष्कळदा वापरलं आहे. हमालाच्या डोक्यावर तिसरी बॅग ठेवताना, भर दुपारी गॅलरीबाहेर दोरीवर लटकणाऱ्या रंगाऱ्याकडे पाहताना. स्वतःबद्दल कधी वापरल्याचं आठवत नाही.

"वय काय रे तुझं?" मी पोराला विचारलं.

"अठरा पूर्ण. आधार कार्ड दाखवू?" हे त्याला बरेचजण विचारत असावेत.

सरांकडे तिसरा चहा. त्यांचं म्हणणं असं, की तो सज्ञान आहे, पैसे घेतो, काम करतो. राजीखुशीचा सौदा आहे. मी म्हटलं, "सर, पेट्रोल उणे चाळिसाला वाफ सोडतं हे मला ठाऊक आहे. त्याला ठाऊक नाही. मग सौदा कशाचा झाला?" सर बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "ठाऊक असतं तरी त्याने केलंच असतं." आणि थोड्या वेळाने, "पण म्हणून तुम्ही सुटत नाही." बिस्किटं त्यांनी त्या दिवशी पुढे केली नाहीत, बहुधा विसरले.

घरी मी हाच घोळ पुन्हा घालायला लागलो तेव्हा बायकोने मला मध्येच तोडलं. "ते लाल नळकांडं काय शोभेला आणलंय? त्या पोराला नेऊन द्या. आणि तो चष्मा पण."

इतकं सोपं काही असेल असं मला वाटलं नव्हतं.

रविवारी ग्रिलवाल्याचं दुकान बंद असतं. सकाळी आठला आम्ही गाडी ढकलत गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत नेली. मिस्त्रीचा चेहरा लग्नात मुलाकडच्या विक्षिप्त मामाला सांभाळून घेतात तसा होता. "काका, पंधरा वर्षं हेच करतोय," असं तो तीनदा म्हणाला. मी वही वाचत होतो. बॅटरीची तार. पत्र्याला हात. फडकं. चष्मा. पोराने चष्मा लावला आणि गाडीच्या आरशात स्वतःला पाहून घेतलं.

आणि मग मी पाहिलं, की या पोराच्या हातात काय आहे ते. पंपाचा तो सांगाडा टाकीतून सरळ वर येत नाही. त्याला काट्याचा तरंगता दांडा जोडलेला असतो, तो वाकला की पुढे जन्मभर काटा खोटं बोलतो. पोराने सांगाडा किंचित तिरका केला, अर्धा फिरवला, आणि झोपलेल्या मुलाचा हात अंगावरून काढावा तसा दांडा अलगद बाहेर आणला. थेंबही सांडला नाही. मी हे केलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी तिथेच सोडून दिला. मी नळकांडं घेऊन दहा पावलांवर उभा होतो, देवळाच्या द्वारपालासारखा. खीळ ओढायची, तोंड ज्वाळेच्या बुडाशी धरायचं, झाडू मारल्यासारखं फिरवायचं, हे मनात घोकत होतो. "काका, बसा की," पोरगा म्हणाला. मी बसलो नाही.

मिस्त्रीच्या उजव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत कातडी चकचकीत, गुळगुळीत आहे. दहा वर्षं मी ती पाहतो आहे आणि कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी त्याने आपणहून सांगितलं. तो या पोराएवढा होता. उस्तादने त्याला गाडीखाली दिवा धरायला बसवलं होतं. वरून पेट्रोल ठिबकलं, तापलेला बल्ब तडकला. उस्तादने घाईत बादली ओतली आणि आग त्याच्या बाजूला वाहत आली. "मग सवय झाली," असं म्हणून तो हसला. मग पोराकडे बघून म्हणाला, "ए, चष्मा खाली घे. डोक्यावर काय लावलायस?"

आपल्याकडे उघड्या गाडीभोवती माणसं जमतातच. एक गृहस्थ सायकल थांबवून, तोंडात पेटती सिगारेट तशीच ठेवून, "काय, पंप गेला का?" करत जवळ आले. टाकी त्या क्षणी उघडी होती. मी ओरडायला तोंड उघडलं. पण माझ्या आधी पोरगाच ओरडला, "ओ दादा! तिकडंच! टाकी खोललीय, दिसत नाही का?" गृहस्थ चार पावलं मागे गेले, सिगारेट विझवली आणि तिथूनच सल्ला द्यायला लागले.

नवा पंप बसला, नवं रबरी कडं बसलं, नळ्या लागल्या, बॅटरीची तार लागली. सीट लगेच बसवली नाही. किल्ली फक्त अर्धी फिरवायची आणि थांबायचं, असं दोनतीनदा, म्हणजे नळीत दाब भरतो. मग जोडाला ओल दिसते का, वास येतो का ते बघायचं. मी किल्ली फिरवली. 'ऊंऽऽ'. पोरगा झाकणाशी नाक नेऊन वास घेत होता. "नाही, काका. कोरडं आहे."

मजुरीचे आठशे मिस्त्रीने घेतले, एक रुपया कमी केला नाही. नळकांडं आणि चष्मा मी तिथेच ठेवला, आणि रॉकेल काढायचा एक हातपंपही, तोंडाने ओढू नये म्हणून. मग सरळ पंपावर, म्हणजे कर्वे रस्त्यावरच्या, जाऊन अठरा वर्षांत पहिल्यांदा टाकी भरली. तिथल्या माणसाने दोनदा विचारलं, "फुल्ल?"

याला तीन महिने झाले. संध्याकाळी फिरायला जाताना मी मुद्दाम त्या रस्त्याने जातो. चष्मा पोराच्या डोळ्यांवर कमी आणि कपाळावर जास्त असतो. हातपंपाने तो मोबिल ऑइल काढतो. पेट्रोलला नळीच बरी, पटकन होतं, असं त्याचं मत आहे. मी असलो की हातपंप वापरतो. नळकांड्यावर पाट ठेवून मिस्त्रीने त्याचं स्टूल केलं आहे आणि चहाचे ग्लास त्यावर असतात. मी काही बोलत नाही. ग्लास बाजूला करतो, वाकतो, पाटाखालून काटा बघतो. अजून हिरव्यात आहे. पोरगा म्हणतो, "काका, आला तुमचा रोजचा तपासणीवाला," आणि माझ्यासाठी चहा सांगतो.